नारळ कुणी उभा केला?

पत्र असं आहे :

"मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा नववीची अकरा मुलं थांबतात, त्यांना माहितीपट करायचा आहे. पहिला प्रयत्न फसला. भूजलाचा धडा मुलांनी कॅमेऱ्यासमोर म्हणून दाखवला, मलाच बघवेना. मग त्यांनीच विषय काढला, पाणाड्या. आमच्याकडे बोअर मारायची तर आधी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. गटातल्या एका मुलीचे आजोबाच हे काम करतात. मुख्याध्यापक म्हणतात करा, पण 'अंधश्रद्धेवर घाव' असं नाव द्या, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवू. पालक म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी, हे सिनेमाचं खूळ कशाला. हाताशी दोन फोन आहेत. यातून गणित-विज्ञान खरंच शिकून होतं का, की नुसतीच हौस? आणि त्या मुलीचं काय करू?"

बाई, नमस्कार.

मुलांनी काढलेला विषय सोडू नका. मुख्याध्यापकांनी सुचवलेलं नाव मात्र घेऊ नका. घाव घालायचं ठरवून निघालेल्याला शोधायचं काही उरत नाही, आणि शोधायचं काही नसेल तर कॅमेरा सुरू करायचा कशाला? तुमचा पहिला प्रयत्न याच कारणाने फसला. धडा म्हणणाऱ्या मुलाला उत्तर आधीपासून माहीत होतं, ऐकणाऱ्यालाही माहीत होतं, मधल्या मध्ये फोन तेवढा तापला. 'अंधश्रद्धेवर घाव' हा त्याच धड्याचा जरा रागावलेला अवतार होईल. शेवटी टाळ्या पडतील, आजोबा घरी मान खाली घालून बसतील आणि अकरा मुलांना गावातल्या पाण्याबद्दल काडीचीही नवी माहिती मिळालेली नसेल.

मी बरीच वर्षं माहितीपटांच्या संकलनाच्या टेबलावर बसले आहे. शाळांमधून येणाऱ्या फिल्मा पाहताना मी एकच गोष्ट बघते : चित्रण सुरू झालं तेव्हा या मुलांना जे माहीत नव्हतं, ते शेवटी कळलं का? कळलं असेल तर चित्रण हललेलं असो, वाऱ्याचा घूं-घूं आवाज असो, फिल्म बघवते.

तेव्हा आधी प्रश्न नीट करून घ्या. "पाणाड्याला पाणी सापडतं का?" या प्रश्नाला गावात प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. "आमच्या बोअरला त्यांनीच जागा दाखवली, अडीच इंच पाणी आहे," हे एकाचं; "माझे सव्वा लाख मातीत गेले," हे दुसऱ्याचं. दोघंही खरं बोलत असतील. मुलांनी प्रश्न असा विचारायचा : पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागण्याचं प्रमाण, त्याच गावात इतर कुणी ठरवलेल्या जागी पाणी लागण्याच्या प्रमाणापेक्षा जास्त आहे का? वाक्य लांब आहे, फळ्यावर कंटाळवाणं दिसेल. पण सगळी फिल्म या "पेक्षा"वर उभी राहणार आहे, आणि तुमचं गणितही.

कारण आपल्या जमिनीत पाणी लागणं ही तशी दुर्मीळ घटना नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. हा खडक लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांमध्ये, सच्छिद्र थरांत आणि दोन थर जिथे भेटतात तिथे. जमिनीखालून नद्या वाहत नाहीत, आणि सगळीकडे ठणठणाटही नसतो. त्यामुळे डोळे मिटून कुठेही खूण केली तरी काही वेळा पाणी लागणारच. किती वेळा, हे गावागणिक बदलतं. तुमच्या गावाचा तो आकडा मुलांनी काढायचा आहे, तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

समजा गावातल्या चाळीस बोअरची माहिती मिळाली आणि त्यांतल्या अठ्ठावीसांना पाणी लागलं होतं. म्हणजे शंभरात सत्तर. त्यांतल्या वीस बोअर पाणाड्याने दाखवलेल्या, आणि पंधरांना पाणी. म्हणजे शंभरात पंच्याहत्तर. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील.) गावकरी म्हणतील, बघा, वीसांत पंधरा! मुलांपैकी कुणी म्हणेल, गावाच्या सरासरीपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त, म्हणजे काहीतरी आहे. इथे थांबा आणि वर्गात एक पिशवी आणा. त्यात सात लाल आणि तीन पांढऱ्या गोट्या टाका. न बघता एक काढायची, रंग लिहायचा, परत टाकायची, पिशवी हलवायची, असं वीसदा. लाल किती आल्या? अकरा मुलांनी प्रत्येकी दहा-दहा फेऱ्या केल्या की एकशे दहा निकाल हातात येतात. त्यांत पंधरा किंवा जास्त लाल येण्याच्या फेऱ्या चाळीसएक टक्के असतील. सूत्राने काढलं तर जवळजवळ ४२ टक्के. पिशवीला पाण्याचं काही कळत नाही, तरी ती निम्म्याला थोड्या कमी वेळा पाणाड्याइतकी 'यशस्वी' होते.

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे, त्यात नाणी, फासे आणि पत्ते येतात. मुलं गणितं सोडवतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. गोट्यांची पिशवी हातात घेतलेल्या मुलाला ते प्रकरण पुढच्या वर्षी परकं वाटणार नाही. हे चित्रित करा. आकडे जमत जातात तसे मुलांचे चेहरे बदलतात. हे दृश्य कुणाला लिहून देता येत नाही, ते घडताना पकडावं लागतं. म्हणून निकाल आधी सांगू नका. तुम्हालाही तो माहीत नाही असं वागा. नुसतं वागू नका, गावाचा आकडा तुम्हाला खरोखरच माहीत नाही.

माहिती गोळा करण्यात एक मोठी खोट आहे, ती मुलांना स्वतः सापडू द्या. फेल गेलेली बोअर कुणी आपणहून सांगत नाही. पाणी लागलेली बोअर रस्त्यावरून दिसते, तिच्यावर मोटार असते, बाजूला ऊस नाहीतर डाळिंब उभं असतं. कोरड्या बोअरच्या तोंडावर एक दगड असतो, बाकी काही नसतं. नुसतं "बोअर कुठेकुठे आहे?" विचारलं तर यादीत यशच यश येईल. त्यासाठी वस्ती-वस्तीवर, घराघरात जावं लागेल. बोअरची गाडी चालवणाऱ्यांना विचारावं लागेल, त्यांच्या वह्यांत किती फूट मारली त्याची नोंद असते, कारण बिल फुटांवर होतं. प्रत्येक बोअरमागे चार गोष्टी लिहायच्या : जागा कुणी ठरवली, किती फुटांवर पाणी लागलं किंवा नाही लागलं, तेव्हा किती होतं, आणि मे महिन्यात टिकतं का. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ऑक्टोबरात पाणी देणारी आणि मार्चमध्ये हवा ओढणारी बोअर यशात धरायची की अपयशात? यावर मुलांचं भांडण होईल. होऊ द्या, आणि कॅमेरा चालू ठेवा. व्याख्या आधी ठरवायची असते, निकाल बघून नाही, हे विज्ञानाचं सगळ्यात अवघड वळण त्या भांडणात येतं.

"अडीच इंच पाणी" म्हणजे नक्की काय, तेही गाडीवाल्यालाच विचारा. प्रत्येकाचं उत्तर एकच येतं का बघा. मुलांसाठी सोपी पद्धत ही : दोनशे लिटरचं पिंप मोटारीखाली ठेवायचं आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ऐंशी सेकंद लागले तर मिनिटाला दीडशे लिटर. शॉट म्हणूनही छान आहे, आणि त्यात बोलायची गरज नाही.

आता नारळ. आजोबांची परवानगी असेल तर, आणि असेल तरच, त्यांचा हात जवळून चित्रित करा. बऱ्याच फोनमध्ये मंदगती चित्रणाची सोय असते, सेकंदाला १२० किंवा २४० चौकटी, म्हणजे फ्रेम. २४० असतील तर दोन चौकटींमधलं अंतर जेमतेम चार मिलिसेकंद. नारळ उठायला लागण्याआधी बोटं हलतात का, नारळानंतर हलतात का, की हलतच नाहीत? उत्तर चौकट-चौकट पुढे सरकवून बघायचं. मात्र आधी फोनची परीक्षा घ्या, काही स्वस्त फोन मधल्या चौकटी स्वतःच बनवून भरतात. सव्वा मीटर उंचीवरून चेंडू सोडा. तो जमिनीवर यायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे २४०च्या चित्रणात सुमारे १२० चौकटी भरल्या पाहिजेत, आणि प्रत्येक चौकटीत चेंडू आधीपेक्षा खाली गेलेला दिसला पाहिजे. चित्रण भर उन्हात करा. इतक्या वेगाला उजेड फार लागतो.

तुमच्या नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' आहेच. आडवा नारळ उभा राहतो म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य वर उचलला जातो. नारळ सहाशे ग्रॅमचा आणि गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटर वर गेला असं धरा. ०.६ गुणिले ९.८ गुणिले ०.०३, म्हणजे ०.१८ ज्यूलच्या आत. ही ऊर्जा आली कुठून? नारळाला स्पर्श करणारी एकच गोष्ट आहे, हात. आणि काम इतकं किरकोळ आहे की ते हाताने करावं आणि हात ज्याचा आहे त्याला पत्ताही लागू नये, हे सहज शक्य आहे. माणूस अपेक्षेच्या जोरावर नकळत स्नायू हलवतो, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ साली मांडलं होतं. मुलांना प्रचिती हवी असेल तर दोऱ्याला नट बांधून लंबक करा, कोपर टेकवून हातात धरा आणि "गोल फिरेल" असं मनात म्हणत राहा. बहुतेकांचा फिरतो. कुणीही फसवत नसतं. फिल्ममध्ये हे यायलाच हवं, कारण यामुळे आजोबा खोटे ठरत नाहीत. ते म्हणतात, मी नारळ हलवत नाही. ते खरं बोलत असतील.

पण मग ते जागा कशावरून ठरवतात? नारळ बाजूला ठेवा आणि त्यांच्याबरोबर रानातून चाला. हा चालण्याचा भाग माझ्या मते तुमच्या फिल्मचं पोट आहे, त्याला भरपूर वेळ द्या. "आजोबा, या बांधाकडे आधी का वळलात? ते वारूळ बघितलंत का? उंबराजवळ का थांबलात?" झाडं आणि वारुळांवरून जमिनीतलं पाणी ओळखण्याची परंपरा जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, यावर एक अख्खं प्रकरण आहे, उदकार्गल. त्यातलं सगळं बरोबर आहे असं म्हणू नका. पण काही झाडांची मुळं ओल शोधत खोल जातात, उतार कुठे मिळतो ते डोळ्यांना दिसतं, आणि शेजारच्या कोणत्या बोअरला पाणी आहे हे या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतं. चाळीस वर्षं रानं तुडवलेल्या माणसाला जमीन वाचता येत असेल आणि श्रेय नारळाला जात असेल, असं शक्य आहे ना?

म्हणजे आता तीन शक्यता झाल्या. नारळाला कळतं, आजोबांच्या डोळ्यांना कळतं, कुणालाच काही कळत नाही, नुसता गावाचा सत्तर टक्क्यांचा प्रताप आहे. मुलांना या तिन्ही फळ्यावर लिहू द्या आणि विचारा, कोणत्या चाचणीने त्या वेगळ्या काढता येतील? मला सुचणारी एक चाचणी सांगते, तिला बोअर मारावी लागत नाही. एका मोकळ्या, सपाट, विहीर नसलेल्या रानात आजोबांना नेहमीसारख्या जागा दाखवायला सांगा. दोन बांध म्हणजे क्ष आणि य अक्ष, कोपरा म्हणजे आरंभबिंदू. टेप लावून प्रत्येक खुणेचे निर्देशक लिहून घ्या आणि खुणा पुसून टाका. काही दिवसांनी त्याच रानात, डोळे बांधून, हात धरून, वेगळ्या वाटांनी फिरवा. नारळ त्याच जागी उभा राहतो का? 'निर्देशक भूमिती'ला बांध मिळाले, आणखी काय पाहिजे.

यातली अट एकच. चाचणी आजोबांना आधी पूर्ण समजावून सांगायची आणि विचारायचं, "ही रीत तुम्हाला रास्त वाटते का? यात तुमचं कसब दिसेल का?" ते म्हणाले, डोळे बांधून होत नाही, देवाचं नाव घेऊन जमीन बघावी लागते, तर ती चाचणी रद्द. तेच वाक्य फिल्ममध्ये घ्या. ते वाक्यही माहितीच आहे. हंड्यात पाणी लपवून "ओळखा" असले खेळ तर नकोतच. त्यांचा दावा जमिनीतल्या पाण्याचा आहे, हंड्यातल्या नव्हे.

तज्ज्ञांनाही हे प्रकरण सोपं गेलेलं नाही. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ साली एका कोठारात मोठा प्रयोग झाला. तळमजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून मागेपुढे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यांनी त्याची जागा ओळखायची. सुमारे पाचशे जणांतून ४३ निवडले, ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना जमलं नाही, पण काही मोजक्यांना खरंच येतं. पुढे जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे घेऊन दाखवलं की हे मोजके 'यशस्वी' लोकही योगायोगाने जेवढे निघावेत तेवढेच आहेत, आणि तेच लोक पुढच्या फेरीत तसेच चमकत नाहीत. आकडे तेच, वाचणारे दोन. मुलांनी गोट्यांचा खेळ केलेला असेल तर हा वाद त्यांना चटकन कळेल, कारण एकशे दहा फेऱ्यांत एखाद्या पिशवीने वीसांत अठरा लाल काढून दाखवलेले असतात. ती पिशवी काही सिद्ध पिशवी नव्हती.

आता आजोबांची नात. तिला एकटीला बाजूला घेऊन बोला, सगळ्यांसमोर नाही. तीन गोष्टी तिच्या हातात द्या : गटात राहायचं की नाही, राहिली तर काय काम करायचं, आणि घरात घेतलेला एखादा शॉट काढून टाकायचा हक्क. आजोबांना प्रश्न विचारायचं काम तिला देऊ नका, तिने हट्ट धरला तर गोष्ट वेगळी. बाकीच्या मुलांना स्पष्ट सांगा की तिची चेष्टा झाली तर फिल्म थांबेल. आणि पूर्ण झालेली फिल्म सगळ्यात आधी आजोबांच्या अंगणात दाखवायची, शाळेत नंतर, प्रदर्शनात त्याहून नंतर. त्यांनी एखादी गोष्ट चुकीची आहे म्हटलं तर ते म्हणणंही चित्रित करून जोडायचं. आकडे मात्र बदलायचे नाहीत, तेवढं त्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा. पाणाडे बहुधा हिशेबी असतात. आकड्यांना ते घाबरतील असं धरून चालू नका.

फेल गेलेल्या बोअरच्या घरी जाल तिथेही सांभाळून. कोरड्या बोअरमागे बऱ्याचदा कर्ज असतं. "किती पैसे बुडाले?" हा प्रश्न नववीच्या पोराने कॅमेरा रोखून विचारायचा नसतो. फूट विचारा, पैसे विचारू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका आणि वापरायची परवानगी पुन्हा मागा. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या : यादीत कोणत्या वस्तीवरच्या बोअर आल्या आणि कोणत्या वस्तीवर मुलं गेलीच नाहीत? आपल्या गावांत पाण्याच्या जागा आणि माणसांच्या जागा फार पूर्वीपासून एकमेकींना बांधलेल्या आहेत. यादी अर्ध्या गावाची असेल तर टक्केवारीही अर्ध्या गावाचीच.

फोनबद्दल थोडक्यात. दोन पुरे आहेत. एक चित्रासाठी, दुसरा बोलणाऱ्याच्या खिशात आवाजासाठी, माइक कापडाआड, वाऱ्यापासून वाचलेला. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवता येतात. फोन आडवा धरायचा, विमान मोडवर टाकायचा. प्रत्येक जागी अर्धा मिनिट गप्प राहून नुसता तिथला आवाज घ्यायचा. संकलनात हा आवाज किती उपयोगी पडतो हे पहिल्यांदा जोड घालताना कळेल. जागेचा हिशेब मुलांनाच करू द्या. चित्रण सेकंदाला १७ मेगाबिटने होत असेल तर आठाने भागून साठाने गुणायचं, मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास. आठ मिनिटांच्या फिल्मसाठी दहापट चित्रण लागलं तर दहा जीबी. बिट आणि बाइटमधला फरक हा हिशेब चुकल्यावर जितका पक्का होतो तितका व्याख्येने होत नाही.

आठ मिनिटांच्या वर जाऊ नका. निवेदनाला चढा, रेडिओसारखा आवाज नको. मुलं आपसात बोलतात तसं, तुमच्याकडच्या बोलीत असू द्या. "अभ्यासाअंती असे निदर्शनास आले" हे वाक्य कुणी उच्चारलं तर कॅमेरा बंद करा. पार्श्वसंगीत शक्यतो टाळा. पाणाड्या दिसला की गूढ बासरी वाजते आणि शास्त्रज्ञ दिसला की तबला, म्हणजे निकाल वाजंत्र्याने लावून टाकला. आलेख कॉम्प्युटरवर काढण्याऐवजी मैदानात काढा. वर्गातून चाळीस मुलं गोळा करा, प्रत्येक मूल म्हणजे एक बोअर. डावीकडे पाणाड्याने दाखवलेल्या, उजवीकडे बाकीच्या, कोरडी असेल त्याने खाली बसायचं, मे महिन्यात आटत असेल त्याने हात वर करायचा. शाळेच्या गच्चीवरून एकच शॉट. आणि संकलनाचा नियम : जेवढं मोजलं तेवढं सगळं पडद्यावर. सोयीची मोजमापं ठेवून नडणारी कापली, तर ती फिल्म राहते पण विज्ञान उरत नाही. कात्री कुठे चालवायची आणि कुठे नाही, हे माझ्या धंद्यातल्या मोठ्यांनाही दरवेळी जमत नाही, तेव्हा यावर मुलांशी सावकाश बोला.

पालकांना यामुळे मार्क वाढतील असं वचन देऊ नका. वाढतीलही, पण ते तुमच्या हातात नाही. त्यांना तास सांगा : आठवड्याचे दोन दिवस, दीड तास, शेवटच्या एसटीच्या आत मुली घरी, सहामाहीच्या आधी तीन आठवडे पूर्ण बंद. नववीच्या वर्षात संपणार, दहावीत एकही दिवस नाही. आणि एकदा त्यांना गोट्यांच्या तासाला बोलवा. बोअरवर पैसे घातलेला बाप त्या पिशवीकडे फार लक्ष देऊन बघेल.

गणिताचा आणि सिनेमाचा काय संबंध, असं मुख्याध्यापकांनी विचारलंच तर त्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगा. आपल्या देशात अगदी सुरुवातीला जी माहितीपटवजा चित्रणं झाली, त्यांतलं एक हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईत केलं. विषय होता केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत. दापोलीजवळच्या मुर्डीचा गणिती हा आपल्या पहिल्यावहिल्या 'हिरों'पैकी एक. आणि दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं करायच्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना दिवसेंदिवस चित्रित करून दाखवलं होतं. भांडवलदार पटला तो कथेने नव्हे, अंकुर वाढताना बघून.

नावासाठी मुख्याध्यापकांशी भांडू नका. त्यांना म्हणा, नाव फिल्म झाल्यावर ठेवू, कारण निकाल अजून आलेला नाही. प्रदर्शनाच्या फॉर्ममध्ये विषयाच्या रकान्यात 'भूजल आणि संभाव्यता' लिहा, कुणी हरकत घेणार नाही. फिल्म इंटरनेटवर टाकायचा आग्रह होईल. त्यात दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची आणि आजोबांची लेखी परवानगी आल्याशिवाय टाकू नका, आणि एकाने नाही म्हटलं तर शाळेच्या भिंतीपुरती ठेवा.

बोअरच्या गाड्या पाऊस लागेपर्यंतच रानात फिरतात. त्यामुळे क्रम उलटा लावा : गाडी गावात आली की आधी तिचं चित्रण, निघणाऱ्या भुकटीचा रंग प्रत्येक रॉडला कसा बदलतो त्याच्या नोंदी, काळी, करडी, तांबडी, भुकटीचे नमुने कागदाच्या पुड्यांत, पुडीवर फूट लिहून. मुलांनी गाडीपासून लांब उभं राहायचं, नाकाला रुमाल. गोट्या, आलेख आणि घराघरातली यादी पावसाळ्यातही करता येईल. आजोबांशी बोलायला मात्र या आठवड्यातच जा, आणि पहिल्या भेटीत फोन पिशवीतून बाहेर काढू नका.